शांतता समितीच्या सदस्यांना एका कांडपवालीचं पत्र

प्रति,
शांतता समितीचे सर्व सन्माननीय सदस्य
आणि पोलीस निरीक्षक साहेब यांस,

स. न. वि. वि.

गावाचं आणि ठाण्याचं नाव मुद्दाम घालत नाही. नाव घातलं की पत्रातला मजकूर बाजूला राहतो आणि ‘हिला कुणी उठवलं’ याचीच चर्चा चार दिवस चालते. मला कुणी उठवलेलं नाही. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात माझी मिरची कांडप गिरणी आहे. चैत्र-वैशाखात अर्धं गाव वर्षाची चटणी माझ्याकडून कुटून नेतं. शिवाय ठाण्याच्या महिला दक्षता समितीवर मी गेली काही वर्षं आहे, म्हणजे नवरा-बायकोचं भांडण ठाण्यात आलं की मला फोन येतो. तुमच्यापैकी बहुतेक जण मला ओळखतात. निदान तुमच्या घरच्या चटणीला तिखट किती लागतं, ते मला ठाऊक आहे.

गेल्या साली गणपतीच्या आधीच्या बैठकीला मी आले होते. ‘सर्व सदस्य व प्रतिष्ठित नागरिक’ असा व्हॉट्सॲपवर निरोप होता. मी सदस्य नाही आणि प्रतिष्ठित आहे की नाही ते माहीत नाही, पण दक्षता समितीचं नाव खाली होतं म्हणून आले. सवय म्हणून खुर्च्या मोजल्या. त्रेचाळीस. त्यांत बायका दोन. एक मी, दुसऱ्या तुमच्याच महिला कॉन्स्टेबल, हजेरीचं रजिस्टर घेऊन दाराशी उभ्या. दोन नगरसेविकांच्या नावापुढे सही होती, पण ती त्यांच्या यजमानांची. २०११ पासून या राज्यात पंचायती-पालिकांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या जागांवर निवडून आलेल्या बाईच्या ऐवजी तिचा नवरा शांततेवर बोलायला येतो आणि त्याला कुणी ‘तुम्ही कोण’ असं विचारत नाही.

बैठकीत डॉल्बी, मिरवणुकीचा मार्ग, मूर्तीची उंची, रात्री दहाची वेळ, स्वागत कमानी आणि बॅनर यांवर दीड तास चर्चा झाली. मी एकदा हात वर केला. ‘ताई, महिलांचे विषय शेवटी घेऊ,’ असं सांगण्यात आलं. शेवटी चहा आला. मग ‘ताई, फोटोला पुढे या.’ मी पुढे आले. पेपरात तो फोटो आहे, मी डावीकडून तिसरी.

त्या दिवशी घरी जाताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आपल्या ठाण्यात दोन समित्या आहेत, एक दक्षता आणि एक शांतता. दक्षता बायकांची, शांतता पुरुषांची. दारू पिऊन नवरा मारतो तेव्हा बाई हवी. गाव पेटायची वेळ येते तेव्हा बाईने दार लावून आत बसावं. ही वाटणी कुणी केली? कुठल्याही कायद्यात ती मला सापडली नाही.

आता त्या रात्रीचं सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. तुमच्या दप्तरी तिची नोंद ‘किरकोळ तणाव’ अशी आहे.

साडेआठ-नऊची वेळ होती. सीझन असल्यामुळे गिरणीवर बारा-पंधरा बायका, पिशव्यांची रांग. एकीच्या मोबाइलवर कुणीतरी एका पोराचं स्टेटस पाठवलं. स्टेटस काय होतं ते लिहीत नाही, लिहिलं तर पुन्हा फिरेल. पोरगं सतरा वर्षांचं. त्याची आई तेव्हा माझ्याच गिरणीत उभी होती. तिची अडीच किलो ब्याडगी कांडपात होती, लवंगी बाजूला निवडून ठेवलेली. तिच्या फोनला नेट नाही. गावाला कळलं तरी तिला कळलेलं नव्हतं.

चौकात पोरं जमायला लागल्याचा निरोप पाच मिनिटांत आला. माझ्या बचत गटातल्या आक्का तिथंच होत्या, आणि बांगड्या भरणाऱ्या भाभीही. या दोघींचा एकमेकींशी बांगड्यांपलीकडे फारसा संबंध नाही. आक्कांच्या दोन्ही लेकींचा लग्नातला हिरवा चुडा भाभीने भरला, एवढाच. पण बाईने आपल्या पोरीचा हात ज्या बाईच्या हातात दिलेला असतो, तिला ती परकी मानत नाही. दोघी निघाल्या. पोराच्या घरी जाऊन त्याला स्टेटस काढायला लावलं आणि मागच्या बोळातून थेट माझ्या गिरणीत आणलं. मी शटर ओढलं.

पोराला मिरचीच्या पोत्यांमागे बसवलं. तुम्ही कधी कांडप चालू असताना आत बसलात का? डोळ्यांतून पाणी येतं आणि शिंका थांबत नाहीत. ते पोरगं तोंडात आईच्या पदराचा बोळा घालून शिंका दाबत होतं, आणि आम्ही अकरा जणी बाहेरच्या आवाजाकडे कान लावून. एक शिंक बाहेर गेली असती तर शटर राहिलं नसतं. मशीन बंद करावं तरी शंका, चालू ठेवावं तर पोराचा जीव जातोय. मी चालूच ठेवलं.

तोपर्यंत फोन सुरू झाले होते. चौकातल्या पोरांना कुणी ‘भाईचारा राखा’ म्हटलं असतं तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. आम्ही पोरांना फोन केलेच नाहीत. त्यांच्या आयांना केले, एकेकीला, नाव घेऊन. ‘तुझा बारका चौकात आहे. पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय ना त्यानं? व्हिडिओ निघतायत. केस लागली तर चारित्र्य पडताळणीला अडकंल.’ पहाटे पाचला रस्त्यावर धावायला जाणाऱ्या पोराच्या आईला यापुढे काही सांगावं लागत नाही. एक आई तर भाकरी तव्यावर टाकून आली आणि पोराला कॉलर धरून घेऊन गेली. एकाची आजी आली. म्हातारीला धड चालता येत नाही, ती चौकातल्या कट्ट्यावर बसून राहिली आणि म्हणाली, ‘तू आल्याबिगर मी उठत नाही.’ पावणेअकरापर्यंत चौकात दहा-बारा जण उरले, तेही मोबाइल बघत. तुमची गाडी सव्वाअकराला आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराला त्याची आई आणि आम्ही तिघी मिळून ठाण्यात घेऊन आलो. लपवायचं काही नव्हतं. चुकलं होतं ते चुकलंच होतं. जे व्हायचं ते कायद्यानं होऊ दे, चौकात नको, एवढंच आमचं म्हणणं.

तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी: ‘शांतता समितीच्या सतर्कतेमुळे अनर्थ टळला.’ खाली सात जणांचा फोटो. मला शाल-नारळ नको आहे, गैरसमज नको. शालींचा ढीग आहे घरी, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातला. मला राग आला तो वेगळ्या कारणानं. त्या बातमीमुळे तुम्हालाच खरं वाटायला लागलं की तुम्ही गाव वाचवलं. आणि पुढच्या वेळी काय करायचं, हे तुम्ही शिकलाच नाहीत.

पुरुषांच्या बैठकीत तंटा येतो तेव्हा तो पिकून आलेला असतो. आमच्याकडे तो कच्चा येतो. रेशनच्या रांगेत, नळावर, शाळा सुटायच्या वेळी गेटवर, अंगणवाडीत, माझ्या गिरणीत. कुणाचं पोरगं रात्री नव्या टोळक्यात बसतं, कुणाच्या गच्चीवर रिकाम्या बाटल्या चढल्या, कुठल्या ग्रुपवर काय फिरतंय, कुठल्या मंडळाची वर्गणी यंदा जबरदस्तीनं मागितली गेली, हे आम्हाला आठवडाभर आधी कळतं. एवढंच की आम्हाला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर ‘बायकांच्या गप्पा’ म्हणून सोडून देतं.

दंगल थांबली तरी काम संपत नाही, हेही बैठकीत कुणी बोलत नाही. नंतर बहिष्काराचे मेसेज येतात, अमक्याकडून भाजी घेऊ नका, तमक्याकडून बांगड्या भरू नका. तो बहिष्कार चालतो की फसतो, हे चौकात भाषण करणारा ठरवत नाही. पिशवी घेऊन बाजारात जाणारी ठरवते. त्या मे महिन्यानंतर आमच्या गटातल्या चार जणी ठरवून भाभीच्या दुकानात गेल्या आणि बाहेरून दिसेल अशा बसून बांगड्या भरून आल्या. एकीला घरी बोलणी खावी लागली. पण आठवडाभरात दुकान पुन्हा चालू झालं. ही नोंद कुठल्या रजिस्टरात आहे?

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते, नाहीतर तुम्ही म्हणाल की बाई स्वतःच्याच आरत्या ओवाळतेय. आम्हाला ‘मायमाउली’ म्हणू नका. बाई जन्मजात शांत असते हे खोटं आहे. १९९२-९३ च्या मुंबईत जमावात बायकाही होत्या. मणिपूरच्या मैरा पायबींकडे सगळ्या देशानं आदरानं पाहिलं. मशाली घेऊन रात्री गस्त घालणाऱ्या, दारूविरुद्ध उभ्या राहणाऱ्या, लष्कराच्या अत्याचाराविरुद्ध २००४ मध्ये इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर उभ्या ठाकलेल्या त्या बायका. त्याच मणिपुरात २०२३ च्या हिंसाचारात बायकांचे जमाव सुरक्षा दलांची वाट अडवून उभे राहिले, असं लष्करानंच जाहीरपणे सांगितलं. आपल्या गावातही सगळ्यात विषारी ऑडिओ क्लिप मला एका बाईकडूनच आली होती. म्हणजे बाई पेटवूही शकते. तिचा शब्द घरात चालतो, म्हणूनच. आणि ज्याचा शब्द घरात चालतो त्याला बैठकीच्या बाहेर ठेवणं हा शहाणपणा नव्हे, एवढंच माझं म्हणणं आहे. आई म्हणून बोलावू नका, गावाची माहिती असलेला माणूस म्हणून बोलावा.

आणि हे काही मी नवं काढलेलं नाही. भिवंडीनं १९७० ची आणि १९८४ ची दंगल पाहिली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना नव्हे, रोजच्या माणसांना पोलिसांसमोर आणून बसवलं. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईत नंतर जे मोहल्ला कमिटीचं काम उभं राहिलं, त्यात सुशोभा बर्वे यांच्यासारख्या बाईनं वस्त्या पायाखाली घातल्या. आबांनी, म्हणजे आर. आर. पाटलांनी गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. गावातली भांडणं ग्रामसभेनं निवडलेल्या समितीनं गावातच मिटवायची, गावाला गुण मिळायचे, बक्षीस मिळायचं. माझं माहेर तेव्हा तंटामुक्त झालं. त्या समितीत माझी चुलती होती आणि बांधाच्या भांडणात ती काय करायची तर दोन्ही घरच्या बायकांना आधी वेगळं बसवायची. कारण बांध कुणी किती कोरला हे पुरुष कबूल करत नाहीत, बायका करतात. बक्षिसाचा फलक वेशीवर गंजलाय. चुलती गेली. समिती कागदावर आहे म्हणतात.

दारूच्या बाबतीत तर सरकारनं बायकांवर केवढा विश्वास टाकलाय. बायकांनी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावं लागतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहणार, आडवी बाटली म्हणजे बंद. ज्या बाईच्या मतानं दारूचं दुकान बंद होऊ शकतं, तिला मिरवणुकीचा मार्ग ठरवताना एक वाक्य बोलू द्यायला काय हरकत आहे?

परदेशातलं एकच सांगते, आमच्या बचत गटांच्या प्रभागसंघाच्या प्रशिक्षणात ऐकलेलं. आफ्रिकेत लायबेरिया म्हणून देश आहे. तिथं चौदा वर्षं यादवी चालली. २००३ मध्ये तिथल्या बायका पांढरे कपडे घालून, ख्रिश्चन आणि मुसलमान एकत्र, राजधानीतल्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज येऊन बसायला लागल्या, उन्हात, पावसात. पुढे घानात वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा त्या थेट सभागृहाच्या दाराशी बसल्या आणि करार झाल्याशिवाय कुणाला बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. त्यांच्या म्होरक्या लेमा बोवी यांना २०११ मध्ये नोबेल मिळालं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं तर २००० सालीच १३२५ क्रमांकाचा ठराव केला होता की शांततेच्या वाटाघाटीत बायका हव्यात. हे ऐकताना आमच्या आक्का म्हणाल्या, ‘नोबेल राहू द्या, आम्हाला आधी खुर्ची द्या.’ सगळ्या हसल्या. मीही हसले. पण आक्का हसत नव्हत्या.

आता एक कटू गोष्ट. ती लिहावी की नाही यावर दोन रात्री घालवल्या. गेल्या वर्षी मिरवणुकीच्या चार दिवस आधी आमच्या गटातल्या एकीनं एका बीट अंमलदारांना सांगितलं, की अमुक गच्चीवर दगड-बाटल्या चढल्यात. गच्ची मोकळी झाली, चांगलं झालं. पण त्याच संध्याकाळी सहा पोरं तिच्या दारात. ‘काकी, पोलिसांना फोन करायला लागलाय जणू.’ तिच्या नवऱ्याची पानटपरी आहे, ती पंधरा दिवस उघडली नाही. तिचं नाव कुणी फोडलं ते मला माहीत नाही आणि कुणावर नाव घेऊन बोटही दाखवायचं नाही. पण तेव्हापासून आमच्यातली कुणीही ठाण्यात काही सांगत नाही. मीसुद्धा नाही. तुम्ही म्हणता, ‘महिलांचा प्रतिसाद मिळत नाही.’ साहेब, प्रतिसाद होता. तो पानटपरीबरोबर बंद झाला.

म्हणून मागणं एवढंच. शांतता समितीत तिसरा हिस्सा तरी बायका घ्या, आणि त्या पुढाऱ्यांच्या घरातल्या नकोत. रेशन दुकानाच्या रांगेतल्या, अंगणवाडी सेविका, आशाताई, बांगड्या भरणारी, भाजी विकणारी अशा घ्या, सगळ्या मोहल्ल्यांतल्या आणि वाड्यांतल्या. नगरसेविकेच्या जागी यजमान आले तर त्यांना चहा द्या, पण सही घेऊ नका. बाईनं सांगितलेली गोष्ट एकाच अधिकाऱ्यापाशी राहील अशी सोय करा, महिला अधिकारी असली तर बरं. ठाण्याची पायरी चढायला ज्या बायका घाबरतात, त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा तुम्ही अंगणवाडीत या, गणवेशात नाही आलात तरी चालेल. आणि बैठकीच्या वृत्तान्तात बाईनं काय म्हटलं ते लिहा. ‘महिलांनीही मनोगत व्यक्त केले’ एवढं लिहून आमची बोळवण करू नका.

समितीतल्या पुरुषांनी काहीच केलं नाही, असं मी म्हणत नाही. २०२३ मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, २९ जूनला. राज्यात कितीतरी गावांत मुसलमान बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी दिली नाही. आपल्या गावातही तसं ठरलं आणि ते तुम्हीच बसून ठरवलंत. त्याच साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एका दिवशी आली, तेव्हा जुलूस दुसऱ्या दिवशी काढला गेला. हे मोठं काम आहे, त्याचा मान तुमचा. फक्त त्या दोन्ही वेळी घराघरात जे समजावणं झालं, सासूनं सुनेला, बहिणीनं भावाला, ते कुणी केलं याचाही एकदा विचार करा. आपल्या सांगली जिल्ह्यात गोटखिंडीला गणपती मशिदीत बसतो, कडेगावला हिंदूंचे ताबूत असतात. पत्रकार तिथं येतात, फोटो काढतात, आणि फोटोत पुन्हा सगळे फेटेवालेच असतात.

यंदाची बैठक पोळ्यानंतर आहे असं कळलं, संध्याकाळी सातला. साताला आमच्या घरी चूल पेटलेली असते, त्या वेळेला बाई येत नाही, येऊ शकत नाही. चारला ठेवा. चारला मी गिरणी बंदच ठेवते, मशीन तापलेलं असतं. आक्का येणार आहेत, भाभी येणार आहेत, पानटपरीवालीला मी विचारलंय, ती अजून काही बोललेली नाही.

कळावे,
आपली,
दक्षता समितीची एक सदस्य, कांडप गिरणीवाली

ता. क. बैठकीतला चहा महिला कॉन्स्टेबलना वाटायला लावू नका. रजिस्टर दुसऱ्या कुणाकडे द्या आणि त्यांनाही बसू द्या. त्यांची ड्यूटी रोज आमच्याच गल्लीतून जाते.